निंबार्ते मिसची टिटवी

निंबार्ते मिसनी त्याला माफ केलं नव्हतं. हे आधीच लिहून टाकते, कारण त्यांच्या शोकसभेत नेमकं उलटं सांगितलं गेलं.

शोकसभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. दोन-तीन भाषणांनंतर पडद्यावर एक व्हिडिओ लावला गेला. पांढरी दाढी, गळ्यात रेशमी मफलर, मागे पुस्तकांचं कपाट. हा तो दिग्दर्शक. मुंबईहून खास आमच्यासाठी बोलत होता. "कुंदा मोठ्या मनाची," तो म्हणाला. "करडीच्या मंडईत त्या संध्याकाळी ती माझ्याशेजारी येऊन बसली. माझा सिनेमा तिने माझ्यासोबत पाहिला. काही न बोलता तिने मला माफ केलं." माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी डोळे पुसले. कुणीतरी म्हणालं, खरंच, मोठी बाई होती.

त्या संध्याकाळी मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, मंडपाच्या दाराशी मी उभी होते. माझ्याशिवाय तिसरं कुणी नव्हतं. शोकसभेत उठून मी बोलेन अशी अपेक्षा मला ओळखणारं कुणीही करणार नाही, म्हणून लिहिते. मराठीत लिहिते. इंग्रजीत लिहिलं असतं तर मिसना आवडलं नसतं, आणि त्यांना न आवडलेल्या गोष्टींचं पुढे काय होत असे ते मी पाहिलेलं आहे.

त्या आम्हाला ड्रॉइंग शिकवायच्या. शाळा भंडाऱ्यातली, इंग्रजी माध्यमाची. आवारात मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं राहावं लागे. मिस रोज कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडून स्कूटीवर यायच्या आणि वर्गात पाय टाकताच सुरू व्हायच्या, "काढा जी कागद. अन् ते पेन्सिल हाये का चुलीतली काडी?" सुपरवायझर बाई दाराशी येऊन नुसत्या बघत राहिल्या, की मिस खडू खाली ठेवायच्या, स्वतःच वर्गाबाहेर जायच्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या. नियम म्हणजे नियम. मग तिथूनच शिकवायच्या, दुप्पट मोठ्या आवाजात. शेजारच्या दोन वर्गांनाही झाडीबोलीत घोडा काढायला शिकावं लागायचं. सुपरवायझर बाई हळूहळू आमच्या मजल्यावर यायच्याच बंद झाल्या.

मिस उंच होत्या. चालताना पाऊल जरा जास्तच वर उचलायच्या, जणू खाली चिखल आहे आणि प्रत्येक वेळी पाय उपसून काढायचा आहे. मधल्या बोटावर काळ्या शाईचा डाग कायम. पर्समध्ये लाखोळीच्या डाळीचे वडे, कागदात गुंडाळलेले, त्यामुळे आमच्या सगळ्या चित्रांना कधी ना कधी तेलाचं बोट लागलेलं आहे. आणि कान विलक्षण तिखट. शेवटच्या बाकावर कुणी कंपासपेटी उघडली तरी फळ्याकडे तोंड करून म्हणायच्या, "खोडरबर आत ठेव."

खोडरबर त्यांच्या तासाला बंद होतं. "चुकलं तं चुकलं. पुसून काय होते? कागदाले तं मालूम हाये ना."

त्यांना काही पुसलेलं चालत नसे. बाजारात रंगांचं एक दुकान होतं. त्या दुकानदाराने त्यांना केव्हातरी, माझ्या जन्माच्याही आधी, केस गळणारे ब्रश विकले आणि बदलून द्यायला नकार दिला. तेव्हापासून मिस दर शनिवारी स्कूटी बरोबर त्याच्या दुकानापुढे लावायच्या, त्याला नमस्कार करायच्या आणि शेजारच्या दुकानातून सगळं सामान घ्यायच्या. तो दुकानदार म्हातारा होऊन वारला. मुलगा गल्ल्यावर बसू लागला. मिसची स्कूटी तिथेच. मी एकदा धीर करून म्हटलं, मिस, पण मुलाने काय केलं?

"त्यानं काय केलं? काईच नाही केलं," मिस म्हणाल्या. "पण दुकान तं तेच हाये ना."

प्राचार्यांची गोष्ट अजून शाळेत सांगतात. जिन्याच्या भिंतीवर मिसनी एक मोठं चित्र काढलं होतं. तलावाच्या पाळीवर उभी असलेली, पदराने तोंड बांधलेली, कमरेला विळा खोचलेली एक बाई. कुणी मोठे पाहुणे येणार म्हणून प्राचार्यांनी सुट्टीच्या दिवशी त्यावर चुना मारून घेतला आणि वर इंग्रजी सुविचार लिहून घेतला. तीन की चार वर्षांनी ते प्राचार्य निवृत्त झाले. निरोपाला काय द्यायचं अशी चर्चा निघाली तेव्हा मिस म्हणाल्या, मी पोर्ट्रेट करून देते. समारंभात कापड बाजूला झालं. चित्र इतकं हुबेहूब होतं की आधी टाळ्या वाजल्या आणि नंतर हळूहळू थांबल्या. प्राचार्य शिपायावर ओरडताना जसे दिसायचे तसेच ते काढलं होतं. उघडं तोंड, ताणलेली मान, कपाळावरची शीर, डाव्या कानाशी असलेला चामखीळ. त्याला नाव ठेवायला जागा नव्हती, कारण ते खोटं नव्हतं. शिपायाने तर हात जोडले. शाळेच्या प्रथेप्रमाणे ते ऑफिसात लागलं आणि अजून आहे. दर वर्षी त्याला हार घालतात.

माझ्याशी त्या वेगळं वागल्या असं नाही. सहावीत असताना वर्गातल्या एका मुलीने माझ्या चित्राखाली स्वतःचं नाव घातलं आणि ते स्पर्धेला गेलं. मी काही बोलले नाही. मी कधीच बोलत नसे. मिसना कळलं, कारण त्यांना रेघ ओळखू यायची. मला मधल्या सुट्टीत बोलावून एक वडा हातात दिला.

"राग आला काय?"

मी मान हलवली.

"मंग रडून कायले राहिली? राग लोणच्यावानी रायते, मुके. ओला चमचा नको लावू त्याले. बुरशी येते. कोरडा ठेव, झाकून ठेव. वर्सानुवर्स टिकते."

मुकी हे त्यांनी मला ठेवलेलं नाव. इतर कुणी ठेवलं असतं तर मला आवडलं नसतं. त्या मुलीला पुढे मिसनी काहीही शिक्षा केली नाही. फक्त त्या वर्षीच्या वार्षिक अंकाचं मुखपृष्ठ तिच्यावर सोपवलं, सगळ्यांसमोर, शाळेतली सगळ्यात चांगली चित्रकार म्हणून. ते मुखपृष्ठ माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे. त्यातल्या हत्तीला गुडघे नाहीत.

मिसचा स्वतःचा जो राग होता, त्याची चव मला दहावीनंतर कळली.

मिस विशीत असताना नागपूरच्या एका साप्ताहिकात त्यांची चित्रकथा यायची. नायिकेचं नाव टिटवी. दिवसा दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाची रोवणी करणारी मजूर बाई. रात्री गावच्या तलावाची राखण करणारी. गावातला पाटील चोरून तलावाचं पाणी आपल्या शेतात सोडायचा, माणसं पाठवून पाळ फोडायचा, आणि ऐनवेळी अंधारातून टिटवीचा आवाज यायचा. तोंडाला पदर, हातात विळा. ती उडायची नाही. तिच्याकडे कसली दैवी शक्तीही नव्हती. फक्त चिखलातून तिच्याइतकं भरभर कुणाला चालता यायचं नाही. पाटलाची माणसं रुतायची आणि ती निघून जायची. तेवढ्यावर पोरं वेडी झाली होती. मिसच्या गावच्या, करडीच्या पोरी पदराने तोंड बांधून तळ्यावर खेळायच्या.

"चाल मायची घेतली होती," मिस मला म्हणाल्या. "माह्या मायची. जलमभर रोवण्यात गेली बाई. कोरड्या रस्त्यानं बी पाय उपसूनच चाले."

तो दिग्दर्शक तेव्हा तरुण होता. नाटक मंडळीबरोबर आला, चित्रकथा वाचली आणि शोधत करडीला पोचला. यावर सिनेमा करू म्हणाला. महिनाभर येऊन-जाऊन होता. मिसची आई त्याला तलावातली मासोळी आणि नवा तांदूळ रांधून घालायची. मिस त्याला प्रत्येक दृश्य काढून दाखवायच्या. मग तो गेला, आणि सिनेमा झाल्याचं थेट पोस्टरवरूनच कळलं.

सिनेमाचं नाव 'लाल ससाणा'. टिटवीच्या जागी शहरातून आलेला एक गोरापान तरुण, अंगाला चिकटलेले लाल कपडे, लाल झूल, आणि हा उडतो. पाटलाच्या जागी आंबागडच्या किल्ल्यातला खजिना शोधणारे स्मगलर. टिटवी होती, पण एक गाणं म्हणणारी गावची पोरगी म्हणून. मध्यंतराच्या आधी किल्ल्याच्या दरवाज्यात तिला गोळी लागते, ती ससाण्याच्या मांडीवर जीव सोडते, आणि उरलेला अर्धा सिनेमा तो तिचा सूड घेतो. कथा, पटकथा, दिग्दर्शन: तोच.

"नाव नाही देल्लं, ते तं मी पचवलं असतं," मिस म्हणाल्या. "पण माही पोरगी मारली त्यानं. अन् बदला कोणाले घेऊ देल्ला? त्या लाल्याले. तिचा बदला तिलेच घेऊ द्याचा होता ना."

मायलेकी तुमसरच्या टॉकीजला सिनेमा बघायला गेल्या होत्या. आईने आयुष्यात पाहिलेला हा पहिला सिनेमा. टिटवी मेली, दिवे लागले, आणि आई चप्पल शोधायला लागली. मिस म्हणाल्या, माय, अजून अर्धा बाकी आहे. आई म्हणाली, "मेली ना ते? मंग आता का पाह्याचं हाये? चल, संपलं." ती खरोखरच निघाली. मिस मागोमाग निघाल्या. आई त्याच साली वारली. मिसनी उरलेला सिनेमा पुढे कितीतरी वर्षं पाहिला नाही.

कोर्टात का नाही गेलात, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "कोर्टात तो जितला असता. मंडईत नाही जितत."

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, दंडारीचं नाच-गाणं, पाळणे, रात्री नाटक. लेकीबाळी माहेरी येतात. करडीच्या मंडईला दुपारी, नाटकाच्या मंडपात, मिस 'लाल ससाणा' दाखवायच्या. गावात व्हिडिओ आला तेव्हा सुरू झालं. पुढे कॅसेट जाऊन डिस्क आली, डिस्क जाऊन लॅपटॉप आला. मंडप काळ्या कापडाने झाकायचा, पांढरी चादर टांगायची, आणि नाटकवाल्यांचा माइक हातात घेऊन मिस बाजूला खुर्चीवर. मी पहिल्यांदा गेले ते बारावीच्या वर्षी. बाबांनी मोटरसायकलवर सोडलं. मला वाटलं होतं, गावातली माणसं गंभीर होऊन एका अन्यायाची आठवण काढत असतील.

पडद्यावर हिरोईन मैत्रिणींसोबत रोवणी करत गाणं म्हणत होती. मिस माइकवर म्हणाल्या, "बायांनो, पाह्यलं काय? मागच्या बांधीत धान पिकून पिवळं झालं, अन् पुढच्या बांधीत रोवणा चालू हाये. कोणतं खत टाकते हे बाई?"

"इचारून सांगा," बायका एका सुरात म्हणाल्या. अख्ख्या मंडपाला हे संवाद पाठ होते.

"अन् पऱ्हे उलटे लावून राहिली."

"मुळं वर," पोरं ओरडली.

ससाणा उडाला. मिसनी विचारलं, "तार दिसली काय?"

"दिसली."

"कुठी?"

"खांद्यापाशी."

पुढच्या प्रसंगात त्याचे लाल कपडे धुऊन धुऊन गुलाबी झालेले होते, तेव्हा मिसना काही म्हणावंच लागलं नाही, एक पांढऱ्या मिशीचा म्हातारा उठून उभा राहिला आणि त्याने शांतपणे सांगितलं, "पहिल्या पाण्यातच रंग गेला." ते वाक्य त्याचं होतं. दर वर्षी तोच म्हणायचा.

मग किल्ल्याचा दरवाजा आला. हसणं थांबलं. गोळी सुटली, हिरोईन पडली, आणि मिसनी सिनेमा बंद केला. मंडपाचं कापड वर गेलं, उजेड आला. मिस उभ्या राहिल्या आणि मोठाले चित्रांचे कागद एकेक करून दाखवू लागल्या. गोळी विळ्याच्या पात्याला लागून गेली होती. टिटवी उठली होती. पुढची गोष्ट दर वर्षी नवी असायची. त्या वर्षी तिने स्मगलरांना तलावाच्या गाळात नेऊन रुतवलं आणि पहाटेपर्यंत पाळीवर बसून त्यांच्याशी गप्पा मारल्या. शेवटी नेहमी एकच वाक्य: "टिटवी मेली नाही. जो मेली म्हणते, त्याले इचारा, प्रेत पाह्यलं काय?" मग सगळे उठायचे आणि चिवडा खायला जायचे.

करडीत दोन पिढ्या अशा वाढल्या की 'लाल ससाणा' हा सिनेमा किल्ल्याच्या दरवाज्यात संपतो. एसटीत कंडक्टर झालेल्या तिथल्या एका मुलाने नागपुरात टीव्हीवर तो पूर्ण पाहिला आणि सुट्टीवर आला तेव्हा मिसच्या घरी मुद्दाम तक्रार घेऊन गेला. "मॅडम, टीव्हीवाल्यानं मागं काहीतरी भलताच पिक्चर जोडला जी."

मिसनी त्याला दोन वडे जास्त दिले.

अलीकडच्या वर्षांत जुने चित्रकथांवरचे सिनेमे लोक पुन्हा बघायला लागले. लहानपणी ज्यांनी लाल टॉवेल गळ्यात बांधून गच्चीवरून उड्या मारल्या ते आता नोकरीतून निवृत्त व्हायला आलेत, त्यांना ती झूल आणि ती तार बघून गहिवरून येतं. 'लाल ससाणा'चे तुकडे फोनवर फिरू लागले. आणि मंडईत कुणीतरी रेकॉर्ड केलेला मिसचा आवाजही फिरू लागला, मुळं वर आणि तार दिसली काय सकट. त्यातून सिनेमा आणखी गाजला. दिग्दर्शकाच्या मुलाखती आल्या. तो म्हणाला, ग्रामीण प्रेक्षकाने या सिनेमावर कसं प्रेम केलं ते बघा, आजही संवाद पाठ आहेत त्यांना.

मी मुलाखतीचा तो व्हिडिओ मिसना दाखवला. मला वाटलं, त्या चिडतील. इतकी वर्षं त्याला हसण्यासाठी जे केलं, त्याचीच त्याने पायरी करून घेतली होती. मिसनी तो दोनदा ऐकला आणि म्हणाल्या, "येते म्हणते काय तो?"

तो येणार होता. करडीच्या मंडईत सिनेमाचा खास खेळ, नवीन साफ केलेली प्रिंट, मोठा पडदा, मोठा प्रोजेक्टर, दिग्दर्शक स्वतः हजर. सगळा खर्च बाहेरून येणाऱ्या आयोजकांचा. मिसचा सत्कारही ठेवला होता. मिसनी एकच अट घातली. मी मध्ये बोलणार नाही. पिक्चर आहे तसा दाखवा.

मी विचारलं, "मग तुम्ही काय करणार?"

"काईच नाही. पाव्हणी हाये मी."

मंडप खच्चून भरला होता. दिग्दर्शकाने मिसना शाल पांघरली, नारळ दिला. माइकवर म्हणाला, "कुंदा माझी धाकटी बहीण. टिटवीची मूळ कल्पना हिच्या एका छोट्याशा चित्रकथेवरून मला सुचली होती, हे मी आज तुम्हा सगळ्यांसमोर मान्य करतो." टाळ्या पडल्या. त्याने माइक मिसपुढे धरला. सगळे वाट बघत होते. मिस म्हणाल्या, "नमस्कार. पिक्चर पाहा."

त्या पहिल्या रांगेत त्याच्या शेजारी बसल्या, सोफ्यावर. मी बाजूच्या दाराशी, कापडाच्या फटीजवळ. मला गर्दीत बसवत नाही.

मिस बोलल्या नाहीत, त्यामुळे मंडपच बोलला. मुळं वर. तार दिसली. पांढऱ्या मिशीचा म्हातारा आता फार थकला होता, तरी नातवाच्या खांद्याला धरून उठला आणि पहिल्या पाण्यातच रंग गेल्याचं सांगून खाली बसला. दिग्दर्शक खूश होता. मागे वळून वळून बघत होता, हात जोडत होता. मिसच्या चेहऱ्यावर मला काहीच वाचता आलं नाही, आणि मी लोकांचे चेहरे पुष्कळ वाचते.

किल्ल्याचा दरवाजा आला. गोळी सुटली. हिरोईन पडली.

आणि माणसं उठली.

कुणी कुणाला खूण केली नाही. बायकांनी लेकरं कडेवर घेतली. म्हाताऱ्यांनी घोंगड्या झटकल्या. पोरांनी सवयीने मंडपाचं कापड वर करायला घेतलं. आयोजकांतला एक जण माइककडे धावला, "बसा, बसा, अजून अर्धा सिनेमा आहे."

एका आजीबाईने त्याची समजूत घातली, "नाही जी, सरला आता. मेली ना ते."

"अहो आजी, मध्यंतर आहे हे."

"आमाले मालूम हाये ना बापू. दर साल पाहतो आमी."

तो पांढऱ्या मिशीचा म्हातारा नातवाला धरून पुढे आला. त्याने दिग्दर्शकाचे दोन्ही हात हातात घेतले. मनापासून म्हणाला, "लय मस्त पिक्चर जी. लहान हाये, पण मस्त हाये."

दिग्दर्शक हसला. मग त्याला कळलं की हा विनोद नाही. तो उभा राहिला, मागे पाहिलं. लोक त्याला नमस्कार करत होते, कौतुकाने, आणि जात होते. कुणाच्याच डोळ्यांत राग नव्हता. तेच त्याला सोसलं नाही असं मला वाटतं. थोड्या वेळात मंडपात सांडलेले फुटाणे उरले. आयोजक लोकांना परत आणायला बाहेर पळाले होते आणि तिकडेच अडकले. प्रोजेक्टर चालू होता. दिग्दर्शक म्हणाला, "बंद करा ते."

"बंद कायले?" मिस म्हणाल्या. "बसा. मी बी पुढचा पाह्यलाच नाही अजून."

तो बसला. शोकसभेतल्या व्हिडिओत त्याने सांगितलं ते एवढंच, आणि एवढं खरं आहे.

पडद्यावर ससाणा चितेपुढे शपथ घेत होता. मिसनी विचारलं, "टिटवी कुठी हाये?"

"कुंदा, ती आत्ता गेली ना."

"बरं."

ससाणा शहरात गेला. गाडीचा पाठलाग झाला. "टिटवी कुठी हाये?"

"ती नाही यात."

"बरं."

स्मगलर तलावाची पाळ फोडायला निघाले. मिस थोड्या पुढे सरकल्या. "तलाव फोडून राहिले हे. टिटवी कुठी हाये?"

"कुंदा, पुरे आता."

"नाही, मले मालूम नाही म्हणून इचारतो. कोनं मारली तिले?"

"स्मगलरने. तू पाहिलंस."

"लिवलं कोनं?"

त्याने रिकाम्या मंडपाकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, "मी."

"जोरानं बोला जी. मले कमी ऐकू येते."

मागच्या बाकावरची कंपासपेटी ऐकणाऱ्या मिस.

"मी लिहिलं. मी मारलं तिला. झालं समाधान?"

"बरं," मिस म्हणाल्या. पुढचं दृश्य लागलं, आणि त्यांनी विचारलं, "टिटवी कुठी हाये?"

आवाज चढला नाही, उतरला नाही. प्रत्येक दृश्याला तोच प्रश्न. तो उत्तर द्यायचा थांबला तरी त्या विचारत राहिल्या. एकदा त्याने मान खाली घातली, तर त्या म्हणाल्या, "पडद्यावर पाहा. इतक्या मेहनतीनं केला तुमी." त्याने मान वर केली. त्याचे डोळे ओले होते. मला त्याची दया आली नाही. मी स्वतःला तपासून पाहिलं होतं, म्हणून सांगते.

शेवटच्या मारामारीला ढोल वाजू लागले तेव्हा मिस उठल्या. शाल घडी करून, नारळासकट, सोफ्यावर ठेवली. बाजूने न येता प्रोजेक्टरच्या अगदी समोरून चालत आल्या, सावकाश. पडदाभर एका उंच बाईची सावली झाली आणि तिच्यामागे लाल ससाणा पूर्ण झाकला गेला. मग ती सावली दाराशी आली आणि मिस झाली.

मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. चपलेत पाय घालत म्हणाल्या, "चल, संपलं."

बाहेर अजून उजेड होता. पाळण्याचा करकराट, चिवड्याचा वास, पदराने तोंड बांधून एकमेकींच्या मागे धावणाऱ्या दोन पोरी. मागे रिकाम्या मंडपात तो एकटा बसला होता आणि पडद्यावर लाल ससाणा टिटवीचा सूड घेत होता. मिसनी वळून पाहिलं नाही. रस्ता अगदी कोरडा होता, आणि त्या माझ्यापुढे पाय उपसत, पाय उपसत, भरभर चालल्या होत्या.